फ्रॉइड-युंग, बुद्ध आणि मेंदूविज्ञान मनाबद्दल एकच गोष्ट सांगतात का?

तुम्ही विचारलंय: 'विपश्यनेचं एक शिबिर केलं, युंग थोडाफार वाचला, आता मेंदूवरचे व्हिडिओ बघतोय. जो तो म्हणतो की अबोध मन म्हणजेच बौद्धांचं आलयविज्ञान आणि तेच मेंदूचं ऑटोपायलट. खरंच तिन्ही एकच का?'

नाही. एकच असते तर तिन्ही वाचायचा खटाटोप कशाला?

मी मानसशास्त्राचा माणूस नाही. नागपुरात तीस वर्षं हिशेबतपासणी केली, आता निवृत्त आहे. वेगवेगळ्या खात्यांतल्या रकमा कुणी एकाच शीर्षाखाली टाकल्या की माझं पेन तिथे अडतं. 'अबोध' या शब्दाखाली नेमका तसाच घोळ झालाय.

माझंच उदाहरण घेतो. पाचपावलीत भाड्याचं घर, वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, डोक्यावर कर्ज. मे महिन्याच्या भर दुपारी, सगळा मोहल्ला वाळ्याच्या पडद्याआड झोपलेला असताना सावकाराचा माणूस यायचा आणि फाटकाची कडी वाजवायचा. वडील आतल्या खोलीत सरकत मला म्हणायचे, "जा, सांग त्याले, बाबा कामठीले गेले." मी सात-आठ वर्षांचा. जायचो, सांगायचो. तो माणूस माझ्याकडे बघायचा, मग उंबऱ्याशी पडलेल्या वडिलांच्या चपलांकडे बघायचा, आणि काही न बोलता सायकलवर टांग टाकायचा.

आज वय ६१. घर स्वतःचं, कर्ज शून्य. तरी दुपारी कुरिअरवाल्याने फाटक वाजवलं की पोटात गोळा येतो. मीच मागवलेला मिक्सर असतो हो त्याच्या हातात!

आता हा गोळा तिघांपुढे ठेवू.

फ्रॉइडच्या नेणिवेला, म्हणजे अबोध मनाला, कुलूप असतं आणि ते आपणच लावलेलं असतं. तो म्हणेल, कडी तुला आठवतेच आहे, मग दडवलंस काय? दडवलं होतं ते असं: हा किस्सा मी वर्षानुवर्षं लग्नाकार्यात विनोद म्हणून सांगायचो, लोक पोट धरून हसायचे. वडील गेल्यावर चार वर्षांनी त्यांची पान्यांची पेटी आवरताना एकदम जाणवलं की मला त्यांचा भयंकर राग आला होता. माझ्या आडोशाला लपणाऱ्या माणसाचा राग. तो मी इतकी वर्षं हशाखाली पुरून ठेवला होता. 'दमन' हा शब्द मी कॉलेजात पाठ केला होता, पण त्याचा अर्थ कळला तो त्या पेटीपाशी.

युंगची गंमत वेगळी. लोक त्याला स्वप्नं आणि मंडलांचा गूढ माणूस समजतात, पण त्याची सुरुवात स्टॉपवॉचने झाली. झुरिकच्या बुर्गहॉल्झली मनोरुग्णालयात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो शंभर शब्दांची यादी वाचायचा, माणसाने सुचेल तो पहिला शब्द बोलायचा, आणि उत्तराला लागलेला वेळ सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत मोजला जायचा. जिथे माणूस अडखळतो तिथे खाली काहीतरी गाठीसारखं बसलंय, त्याला त्याने 'गंड' म्हटलं. माझा एक मित्र मानसशास्त्र शिकवतो. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर त्याने मोबाइल काढून माझ्यावर हा प्रयोग केला. पाणी, झाड, आई, सायकल असे शब्द भराभर गेले. 'कामठी' म्हटल्यावर मी जो गप्प झालो, त्याने आकडाच दाखवला. कामठी सोळा किलोमीटरवर, तिथल्या ड्रॅगन पॅलेसला मी दरवर्षी जातो, आणि जीभ मात्र त्या नावाशी अडली. प्रतिसादाला लागलेल्या वेळावरून मनाचा अंदाज घ्यायचा हे तंत्र पुढे कॉग्निटिव्ह सायन्सवाल्यांनीही, म्हणजे मन-मेंदूचं काम कसं चालतं ते अभ्यासणाऱ्यांनीही, भरपूर वापरलं. ही दोन घरं वाटतात तेवढी दूर नाहीत.

पण या कॉग्निटिव्ह सायन्सवाल्यांची नेणीव वेगळी आहे. तिला कुलूप नाही. हॉटेलातल्या भटारखान्यासारखी ती आहे: तिथे गुपित काही नाही, गिऱ्हाइकाने आत जायची सोयच नाही एवढंच. डोळ्यावर पडलेल्या उजेडाची 'खुर्ची' कशी होते, वाक्य तोंडातून बाहेर पडण्याआधी कसं जुळतं, हे आपल्याला कधीच दिसत नाही. यातल्या बघण्याला जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६० च्या दशकात 'अजाणता केलेलं अनुमान' म्हटलं होतं. हे लोक सांगतील की कडी आणि धोका यांची जोडी लहानपणीच जुळली, आता मेंदूतल्या अ‍ॅमिग्डालातून जाणारी यंत्रणा तू 'कुरिअर' म्हणण्याआधीच शरीराला तयार करते. यावर आयुष्यभर काम केलेल्या मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेदूने नंतर स्वतःच बजावलं की अ‍ॅमिग्डालाला 'भीतीचं केंद्र' म्हणू नका. ती धोका ओळखते, 'मला भीती वाटतेय' हा अनुभव आणखी बरंच काही मिळून बनतो. व्हिडिओवाल्यांपर्यंत हे अजून पोचलेलं दिसत नाही.

आता बुद्ध. मज्झिमनिकाय या पाली ग्रंथात चूळवेदल्ल नावाचं सुत्त (प्रवचन) आहे. त्यात धम्मदिन्ना ही भिक्खुणी विसाख नावाच्या उपासकाच्या प्रश्नांना उत्तरं देते. अट्ठकथा, म्हणजे सुत्तावरची जुनी टीका, सांगते की तो तिचा संसारातला नवरा होता. (आधीच्या नवऱ्याला शांतपणे मानसशास्त्र शिकवणारी बाई! मला हे सुत्त निम्मं याच कारणाने आवडतं.) ती सांगते, वेदना (पालीत म्हणजे कुठलीही संवेदना, नुसतं दुखणं नव्हे) तीन प्रकारच्या: सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली. सुखद वेदनेखाली रागाचा अनुशय झोपलेला असतो, दुःखद वेदनेखाली प्रतिघाचा, तिसरीखाली अविद्येचा. पालीतला 'राग' म्हणजे आसक्ती बरं का, आपला राग तो प्रतिघ. अनुशय म्हणजे दबा धरून पडलेली सवय. म्हणजे कडी वाजली, स्पर्श (कानाशी आवाजाची गाठ) झाला, वेदना उठली, प्रतिघ जागा झाला. या सगळ्यात 'कुणाचा राग' हा प्रश्नच येत नाही. कुलूप लावणारा तो 'आपणच' इथे सापडत नाही.

खरी फाटाफूट इथे आहे. युंगने स्पष्ट लिहिलंय की अहंशिवाय जाणीव असू शकते याची त्याला कल्पनाच करता येत नाही. म्हणून त्याच्या वाटेवर शेवटी एक मोठं, पूर्ण 'स्व' भेटतं. तुम्ही म्हणता त्या आलयविज्ञानाचं बघा. असंग-वसुबंधू या बौद्ध आचार्यांच्या योगाचार परंपरेत हे बीजांचं, म्हणजे कर्मांच्या संस्कारांचं, कोठार, पण ज्याच्या त्याच्या प्रवाहाचं वेगळं. युंगचं सामूहिक अबोध सगळ्या माणसांत सामाईक. शिवाय योगाचार सांगतो की क्लिष्ट (मळलेलं) मन या कोठारालाच 'मी' समजून बसतं, आणि तीच मूळ चूक. साधनेत ते कोठारच पालटायचं असतं. युंग ज्या खोलीत दिवा लावायला निघतो, ती खोली वसुबंधूला मोडायची आहे. आणि थेरवादात, म्हणजे पाली ग्रंथ मानणाऱ्या बौद्ध परंपरेत, आलयविज्ञान हा शब्दच नाही, तेव्हा 'बौद्धांचं' म्हणतानाही जरा जपून.

तरी तिघं एकमेकांच्या चुका फार छान पकडतात. माहुरझरीच्या विपश्यना केंद्रावर मी दहा दिवस बसलो. सातव्या दिवशी स्वयंपाकघरात झारा पडला, आवाज थेट कडीचा, आणि गोळा आला. पहिल्यांदाच मी त्याला नुसतं बघितलं. आला, फिरला, विरला. मला वाटलं, सुटलो! घरी आलो, तिसऱ्या दिवशी कुरिअरवाला, आणि गोळा जिथल्या तिथे. तेव्हा मित्राने समजावलं: भीती ओसरते तेव्हा जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्याच्यावर नवं शिकलेलं बसतं, आणि ते नवं बरंचसं त्या जागेला चिकटलेलं असतं. जागा बदलली की जुनं वर येतं. थांबलेली प्रतिक्रिया आपोआप परतते हे पावलोव्हच्या कुत्र्यांतही दिसलं होतं. यावर धम्मदिन्ना बहुधा हसली असती. अनुशय दहा दिवसांत उपटला जातो असं तिने कुठे म्हटलंय? तो समूळ जाणं ही मार्गाच्या फार पुढच्या टप्प्यावरची गोष्ट.

यांतले दोघं-दोघं एका टेबलावर बसल्याच्या घटनाही आहेत. १९५७ मध्ये मेक्सिकोतल्या कुएर्नावाकात झेनचे सुझुकी आणि मनोविश्लेषक एरिख फ्रॉम, १९८७ मध्ये धर्मशाळेत दलाई लामा आणि मेंदूशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को वरेला. पण मला जास्त आवडतो तो एक निव्वळ योगायोग. अमेरिकेत एमआयटीतल्या एका परिसंवादात ११ सप्टेंबर १९५६ रोजी कॉग्निटिव्ह सायन्स जन्मलं, असं मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर मानायचा. त्यानंतर बरोबर ३३ दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, आमच्या नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. माझी आजी त्या गर्दीत होती. मिलरला दीक्षाभूमी माहीत नव्हती आणि आजीला एमआयटी.

बाबासाहेबांचं नाव मी उगाच काढत नाहीये. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेतच त्यांनी चार आर्यसत्यांवर शंका घेतलीय: जगणंच दुःख असेल तर माणसाला आशा कुठली? सिद्धार्थाने घर सोडलं ते म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून, हेही त्यांना पटलं नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांच्या भांडणात त्यांनी ते कारण शोधलं. माझ्या गोळ्याबद्दल फ्रॉइड माझ्या वडिलांविषयी विचारतो, लेदू अ‍ॅमिग्डालाविषयी, धम्मदिन्ना वेदनेविषयी. तिघंही फाटकाच्या आतच. फाटकाबाहेरच्या माणसाला कुणी पाठवलं, व्याज किती टक्के होतं, सायकलवाल्याला बँक कर्ज का देत नव्हती, हे विचारायला चौथा माणूस लागतो. माझ्यातल्या हिशेबनिसाला हाच प्रश्न आधी पडायला हवा होता, पण सुचला सगळ्यात शेवटी.

तेव्हा तुम्ही वाचाच, पण जुळणी करायची घाई नको. व्हिडिओ बाजूला ठेवा. धम्मदिन्नेचं मूळ सुत्त चार-पाच पानांचं आहे. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबरच्या आणि दसऱ्याच्या सुमारास पुस्तकांची दुकानं लागतात, तिथे राहुल सांकृत्यायनांचा हिंदी मज्झिमनिकाय विचारा, ४४ वं सुत्त. सकाळी लवकर जा, दुपारी पाय ठेवायला जागा नसते.