आयर्लंडमध्ये पूर्वी लग्नं ठरवून व्हायची की प्रेमाने?

खेड्यापाड्यांत बहुतेक ठरवूनच, आणि सगळं अडायचं जमिनीपाशी. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळानंतर शेताचे तुकडे पाडणं कमी झालं. शेत एकाच मुलाला मिळायचं, म्हणून त्याच्या लग्नाचा हिशेब घरचेच घालायचे. मध्यस्थ स्थळ आणायचा, मुलीचा बाप शेतातून फेरी मारून गुरं-गोठा नजरेखालून घालायचा, मग हुंड्यावर घासाघीस. मुलीची पसंती? विचारली तर विचारली.

खरी मजा मुहूर्ताची आहे. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात, म्हणजे लेंटमध्ये, चर्च सहसा लग्नं लावत नसे. त्यामुळे त्याआधीच्या आठवड्यांत नुसती लगीनघाई, त्यातही लेंटच्या आदल्या दिवशीचा मंगळवार फार चालायचा. तोवर ज्यांचं जमलं नाही त्यांची काही धडगत नसे! लेंटच्या पहिल्या रविवारी चर्चला निघालेल्या बिनलग्नाच्या माणसांच्या कोटावर पोरं मागून खडूने रेघोट्या ओढायची. याला 'चॉक संडे' म्हणत. केरी परगण्याच्या किनाऱ्यापलीकडच्या स्केलिग बेटावर लेंट उशिरा सुरू होतो, अशी समजूत होती. म्हणजे तिथे जाऊन अजून लग्न उरकता येईल! तेवढ्यावरून कॉर्क आणि केरी या परगण्यांत गावातल्या अविवाहितांच्या वाटेल तशा जोड्या लावून, नावानिशी टवाळ कविता फिरायच्या. मला तरी हा प्रकार गमतीपेक्षा छळाचाच वाटतो.

मध्यस्थांची परंपरा अजून पाहायची असेल तर क्लेअर परगण्यातल्या लिस्डूनवार्नाचा सप्टेंबरमधला मेळा आहे. अर्थात तिथे आता नाचगाणंच जास्त.