आधी मोजणी, मग रजिस्ट्री: इंदूरकडची जमीन घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. राऊ तहसिलीतल्या एका गावात ०.८०९ हेक्टरचा खसरा नंबर तीन भावांच्या नावे आहे. त्यातला ०.१०० हेक्टरचा तुकडा एक भाऊ विकतो आहे. दलाल सांगतो, "रजिस्ट्री झाली की जमीन तुमची. नामांतरण आपोआप होतं. मोजणी सावकाश करू." हे खरं का, असं विचारणाऱ्या ताईंचं माहेर पुण्याचं, सातबाऱ्याची सवय, म्हणून इथले कागद परके वाटतात.

आधी भाषांतर करून घेऊ. सातबाऱ्याच्या जागी इथे खसरा. आठ-अच्या जागी बी-१, म्हणजे खतौनी: एका खातेदाराचे त्या गावातले सगळे नंबर एकत्र. खरेदीखताच्या नोंदणीला रजिस्ट्री, फेरफाराला नामांतरण, मोजणीला सीमांकन, तलाठ्याला पटवारी, एनएला डायवर्शन म्हणतात. एक मोठा फरक लक्षात ठेवा: महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, मध्यप्रदेशात ती अट नाही. इथला कायदा म्हणजे मध्यप्रदेश भू-राजस्व (जमीन महसूल) संहिता, १९५९, लागू २ ऑक्टोबर १९५९ पासून. म्हणूनच जुना माणूस १९५८-५९ चा खसरा काढायला सांगतो. संहिता आली तेव्हा जमीन खासगी होती की सरकारी, ते त्यात दिसतं. त्या वर्षी "शासकीय" किंवा "चरनोई" (गायरान) असेल आणि आज खासगी नाव असेल, तर मधला आदेश मागा. तो दाखवता येत नसेल तर सौदा सोडा.

आता दलालाचं वाक्य. रजिस्ट्रीमुळे मालकी येते, हे खरं. पण विकणाऱ्याकडे असते तेवढीच येते. तीन भावांचं सामायिक खातं आहे आणि वाटणी झालेली नाही, तर एक भाऊ आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो, "रस्त्याकडचा कोपरा" विकू शकत नाही. तुम्हाला मिळतो तो वाटणी मागण्याचा हक्क. कोपरा दुसऱ्या भावाच्या वाट्याला गेला तर तुमची विहीर आणि कुंपण त्याच्या जमिनीत. म्हणून एक तर तिघांच्या सह्या रजिस्ट्रीवर घ्या, नाहीतर आधी संहितेच्या कलम १७८ खाली बंटवारा (वाटणी) करून त्या भावाचा वेगळा नंबर पडू द्या. आणि बहिणी आहेत का, हे विचाराच. वडील गेल्यावरच्या फौती नामांतरणात मुलींची नावं राहून जाणं ही इकडच्या खेड्यांत नेहमीची गोष्ट. नाव खात्यात नाही म्हणून त्यांचा हक्क संपत नाही, आणि दावा मात्र पुढे तुमच्यावर येतो.

खसरा उघडल्यावर बहुतेक जण नाव आणि रकबा (क्षेत्रफळ) बघून थांबतात. कैफियतीचा (शेऱ्याचा) रकाना, कॉलम १२, सगळ्यात आधी वाचायला हवा. बँकेचं कर्ज, न्यायालयाची मनाई, "अहस्तांतरणीय" असा शेरा तिथेच असतो. सरकारी पट्ट्याची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, कलम १६५(७-ख). आदिवासी भूमिस्वामीच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर त्याच कलमाच्या पोटकलम ६ चे निर्बंध आहेत. परवानगीविना झालेली रजिस्ट्री शिक्क्यासकट फुकट जाते. एका वर्षाचा खसरा पुरत नाही, निदान मागच्या पाच वर्षांचे क्रमाने लावा. रजिस्ट्रार कार्यालयातला तीस वर्षांचा सर्च वकिलाकडून वेगळा करून घ्या, कारण खसऱ्यात न चढलेली जुनी विक्री फक्त तिथे सापडते.

आता नकाशा. खरी गडबड इथे होते, म्हणून इथे थोडं थांबते.

खसरा सांगतो किती आणि कोणाची. कुठे, हे नकाशाच सांगतो. गावाचा नकाशा साधारणपणे १:४००० या प्रमाणात असतो. जुने नकाशे एका मैलाला सोळा इंच, म्हणजे जवळपास तेवढेच. कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर चार मीटर. तुमचा ०.१०० हेक्टर म्हणजे १००० चौरस मीटर, चौकोनी धरला तर बाजू ३१.६ मीटर. नकाशावर तो तुकडा आठ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाएवढा. पेन्सिलीची रेघ पाव मिलिमीटर जाड धरली तरी ती जमिनीवर एक मीटर खाते. ३१.६ मीटर लांबीच्या कडेला एक मीटर सरकला तर जवळपास ३४० चौरस फूट गेले. त्यामुळे कोणी "मशीनने मोजू, सेंटिमीटरचाही फरक येणार नाही" म्हटलं तर समजून घ्या: रोव्हर (उपग्रहाच्या मदतीने जागा मोजणारं यंत्र) सेंटिमीटरपर्यंत अचूक असतो, पण ज्या नकाशाशी तो ताडून बघायचा तो मीटरच्या हिशेबाचा आहे. मोबाइलवर उपग्रहाच्या चित्रावर नंबराच्या रेघा दिसतात, त्याही काही मीटर सरकलेल्या असू शकतात. शेत कुठल्या बाजूला आहे हे ओळखायला त्या ठीक, खांब रोवायला नाही.

दुसरी गोष्ट तरमीम. खसरा नंबराचे तुकडे पडतात तेव्हा २१४/१, २१४/२, मग २१४/२/१ असे बटा नंबर कागदावर चढतात. नकाशावरही तशी रेघ ओढली गेली पाहिजे. त्यालाच तरमीम किंवा बटांकन म्हणतात. ती अनेकदा होतच नाही. खसऱ्यात पाच बटे आणि नकाशात एकच अखंड २१४, अशी गावं इंदूरच्या चारही बाजूंना भरपूर आहेत. "२१४ पैकी" (हा आपला मराठी शब्द इथल्या दस्तांत अजून टिकून आहे) किंवा "मिन" लिहिलेलं दिसलं की ओळखा, या तुकड्याची जागा कागदावर ठरलेली नाही. मग पाचही जण रस्त्याकडची बाजू आपलीच म्हणतात, आणि प्रत्येकाकडे रजिस्ट्री असते. तरमीम नसेल तर सीमांकनाचा अर्जही अडतो, कारण नकाशात नसलेली हद्द जमिनीवर दाखवायची कशी?

म्हणून क्रम असा: बंटवारा, तरमीम, सीमांकन, मग रजिस्ट्री.

सीमांकन कलम १२९ खाली होतं. अर्ज तहसीलदाराकडे, लोकसेवा केंद्रातून किंवा ऑनलाइन, सोबत चालू खसरा, बी-१ आणि नकाशाची प्रत. अर्ज भूमिस्वामीने करायचा असतो, म्हणजे तुमच्या बाबतीत विक्रेत्याने. उभ्या पिकात मोजणीची साखळी चालत नाही, म्हणून गहू-हरभरा निघाल्यापासून पाऊस पडेपर्यंतचा काळ योग्य. त्या दिवसांत पटवारी आणि राजस्व निरीक्षकावर गर्दी असते, अर्ज आधीच टाकून ठेवा.

मोजणीच्या दिवशी दोन गोष्टींवर नजर ठेवा. पहिली, मोजणी कुठून सुरू झाली. सुरुवात चांदा, मुनारा किंवा गावांच्या हद्दी मिळतात तिथल्या तिमेढ्याच्या दगडासारख्या पक्क्या खुणेपासून व्हायला हवी, आणि एका खुणेवर भागत नाही. निदान तीन खुणांमधली अंतरं नकाशाशी जुळवून मगच शेताकडे यायचं. शेजाऱ्याच्या मेढीपासून (बांधापासून) फीत लावली तर ती मेढ जेवढी सरकलेली तेवढीच तुमची जमीनही सरकते. नांगरताना मेढ दर वर्षी वीतभर खाल्ली जाते, वीस वर्षांत ती कुठे पोहोचते ते तुम्हीच मोजा. चांदा सापडत नसेल तर तसं पंचनाम्यात लिहायला सांगा आणि कोणती खूण धरली तेही लिहून घ्या.

दुसरी, शेजाऱ्यांची नोटीस. लागून असलेल्या प्रत्येक खातेदाराला सूचना गेली पाहिजे आणि ती पोहोचल्याचा पुरावा फाइलमध्ये पाहिजे. सीमांकन नंतर रद्द होतं ते बहुतेक वेळा मोजणी चुकली म्हणून नाही, नोटीस नव्हती म्हणून. शेजारी आला आणि सही करत नसेल, तर "हजर, सहीस नकार" एवढं पंचांच्या सहीने लिहून घेतलं तरी चालतं. फील्ड बुक (मोजणीची वही), पंचनामा आणि अहवाल तिन्हींची प्रमाणित प्रत घ्या. अहवाल तहसीलदाराने मंजूर केल्याखेरीज तो पूर्ण धरू नका.

स्वतः ताडून बघायचं असेल तर एक चूक टाळा. चार बाजू मोजल्या म्हणजे क्षेत्रफळ कळतं असं नाही. ३०, २०, ३०, २० मीटर बाजूंचा तुकडा काटकोनात असेल तर ६०० चौरस मीटर. तोच कलता होऊन एक कोन ६० अंशांचा झाला तर ५२० चौरस मीटर. बाजू त्याच आणि ८६० चौरस फुटांचा फरक. चार बाजूंबरोबर निदान एक कर्ण मोजा, दोन त्रिकोण करा, त्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी काढून बेरीज करा. दुसरा कर्ण पडताळ्यासाठी.

आकड्यांबद्दल आणखी थोडं. खसऱ्यात रकबा हेक्टरमध्ये तीन दशांश स्थळांपर्यंत असतो. शेवटचा एक आकडा म्हणजे १० चौरस मीटर, साधारण १०८ चौरस फूट. एकर ०.४०५, एक हजार चौरस फूट ०.००९. लहान तुकड्यात पूर्णांक करतानाच पन्नासेक फूट इकडचे तिकडे होतात, म्हणून दस्तात चौरस मीटरही लिहा. बिघ्यात सौदा करू नका. मालव्यात चार बिघ्यांचा हेक्टर धरतात, ग्वाल्हेरकडे बिघा लहान. तोंडी बिघे ठरवून हेक्टरमध्ये लिहिताना भांडणं होतात.

रजिस्ट्रीत रकब्यापेक्षा चतुःसीमा नीट लिहा. पूर्वेला "रस्ता" एवढं पुरत नाही. कोणता रस्ता, त्याला खसरा नंबर आहे की तो कोणाच्या शेतातून दिलेली वाट आहे, हे लिहा. पश्चिमेला "विक्रेत्याची उरलेली जमीन" असेल तर तिचा बटा नंबर. बाजूंची लांबी आणि सीमांकनाचा नकाशा दस्ताला जोडा. क्षेत्रफळ आणि सीमा जुळत नसतील तर न्यायालयं साधारणपणे सीमांना जास्त वजन देतात. मुद्रांक शुल्क सौद्याची किंमत किंवा कलेक्टर गाइडलाइन (आपल्याकडचा रेडी रेकनर), जे जास्त असेल त्यावर. दस्त लिहिल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला सादर करावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून संपदा २.० या सरकारी नोंदणी प्रणालीवर हे काम चालतं. ते सॉफ्टवेअर ओळख तपासेल, मोजणी तुमच्यासाठी करणार नाही. नोटरीसमोरचा करार आणि मुखत्यारपत्र यांनी मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. इंदूरच्या कडेच्या वस्त्यांत असे कागद अजून हातोहात फिरतात, तसला कागद स्वीकारू नका.

मग नामांतरण. "आपोआप" हे अर्धसत्य आहे. अख्खा खसरा नंबर विकला गेला आणि कुणाची हरकत नसेल, तर सायबर तहसिलीची (अर्जाविना ऑनलाइन नामांतरणाची) सोय आहे, २९ फेब्रुवारी २०२४ पासून राज्यभर. तुमचा तुकडा आहे, तेव्हा ते होईल असं धरून बसू नका. सहा महिन्यांच्या आत कलम १०९ खाली कळवायचं असतं, पुढची कारवाई कलम ११० खाली. वाद नसेल तर प्रकरण दाखल झाल्यापासून तीस दिवसांत आदेश व्हायला हवा. आदेशाची प्रत मिळाली की थांबू नका. खसऱ्यात नाव चढलं का, बी-१ बदलला का, नकाशात तुमचा बटा दिसतो का, तिन्ही बघा. आदेश झाला पण संगणकात अंमल झाला नाही, असं फार होतं.

मराठी कुटुंबांसाठी एक खास सूचना. इथले अभिलेख हिंदीत आहेत, ळ लिहिला जात नाही. काळे "काले" होतात, गोळे "गोले". वडिलांचं नाव मधे आणि आडनाव शेवटी ही आपली पद्धतही तिथे मोडते. आधार, समग्र आयडी (मध्यप्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक), रजिस्ट्री आणि खसरा यांत नाव एकाच हिजेने यावं म्हणून मसुदा तयार असतानाच वाचा. माहेरच्या-सासरच्या नावाचा फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र आत्ताच जोडा. नंतरची दुरुस्ती कलम ११५ खाली एसडीओकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) जाते, आणि एका अक्षरासाठी महिने जातात.

नामांतरण झालं म्हणजे मालकी शाबीत झाली, असंही नाही. मध्यप्रदेशातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं की ही नोंद महसुलापुरती. मृत्युपत्रावरून वाद असेल तर दिवाणी न्यायालयातच जावं लागतं. आणि जमीन महापालिकेच्या (निगमच्या) हद्दीत असेल तर संपत्तिकराच्या खात्यातलं नाव वेगळं बदलावं लागतं. निगमची पावती पटवारी मानत नाही, पटवाऱ्याचा खसरा निगम आपोआप वाचत नाही.

ताई, तुमच्या सौद्यात बयाणा देण्याआधी करारात एवढं घाला: तिघं भाऊ आणि असल्यास बहिणी सह्या करतील. विक्रेता स्वतःच्या खर्चाने तरमीम आणि सीमांकन करून देईल. सीमांकनात रकबा कमी भरला तर किंमत चौरस मीटरच्या दराने कमी होईल. रस्त्यापर्यंतची वाट नकाशात रंगवून दाखवली जाईल. तरमीम झालेल्या नकाशाची प्रत हातात येईपर्यंत बयाण्यापलीकडे एक रुपयाही देऊ नका. दलाल म्हणेल, इतकं कोणी करत नाही. खरं आहे, म्हणूनच मोती तबेल्यावर (इंदूरच्या कलेक्टर कचेरीत) सीमांच्या प्रकरणांची गर्दी आहे.