सीमा कुठे होती?

लाडक्या सोन्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, सीमांतपूजन म्हणजे सीमेवरची पूजा ना? मग कार्यालयाच्या दारात सीमा कुठे होती? आणि जिजूंचे पाय का धुतले? ते तर एसी गाडीतून आले होते." मी स्वयंपाक करत होते, "तशी पद्धत असते रे" म्हणून वेळ मारून नेली. ते काही उत्तर नव्हतं. रजा मिळाली नाही म्हणून ताईच्या लग्नाला मला येता आलं नाही, त्याचं वाईट वाटतंच आहे. तू तिथे उभा राहून नीट बघितलंस आणि विचारलंस, तर उत्तरही नीट द्यायला हवं.

आज शनिवार. घर तुम्हा दोघांवाचून फार शांत वाटत होतं, म्हणून सकाळी गाडीत बसले, डोनावर्थला गाडी बदलली आणि न्योर्डलिंगन या जुन्या जर्मन शहरात आले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं, म्हणून रात्री खोलीत बसून हे लिहिते आहे.

न्योर्डलिंगनच्या जुन्या शहराभोवती अजून अख्खी तटबंदी आहे. 1327 मध्ये सम्राट लुडविगच्या हुकमावरून ती बांधायला घेतली. घेर साधारण 2.7 किलोमीटर, आणि आत जायला पाच दरवाजे. स्टेशनवरून मी डायनिंगर टोरमधून (टोर म्हणजे दरवाजा) आत शिरले. बुरुजाखालची ती कमान ओलांडताना आवाज बदलतो, सावली अंगावर येते आणि दहा पावलांत आपण दुसऱ्या बाजूला असतो. मी मागे जाऊन पुन्हा एकदा आत आले. तू असतास तर पाच वेळा केलं असतंस.

सोन्या, ही वेस.

आपल्याकडच्या गावांनाही अशी भिंत असायची. एवढी उंच नाही, कुठे दगडाची, कुठे पांढऱ्या मातीची. तिला गावकूस म्हणत आणि तिच्यातल्या दरवाजाला वेस. नगरमध्ये रिक्षावाल्याच्या तोंडी तू "माळीवाडा वेस" ऐकलं असशील, ती हीच वेस. रात्री वेस बंद व्हायची. आतलं गाव आपलं, बाहेर रान आणि वाट. आजी म्हणते ना, "घरातलं वेशीवर टांगू नकोस"? वेशीतून सगळं गाव जा-ये करतं, तिथे टांगलेलं सगळ्यांना दिसतं, म्हणून.

आता लग्नाचं. नवऱ्या मुलाचं वऱ्हाड बैलगाडीतून यायचं. कधी अख्खा दिवस, कधी त्याहून जास्त प्रवास. अंगावर धूळ, पायांवर धूळ, बैल दमलेले. ही मंडळी थेट गावात शिरत नसत. वेशीपाशी, बहुतेक मारुतीच्या देवळाजवळ थांबत आणि निरोप धाडत. मग मुलीकडचे वाजतगाजत सामोरे जात, पाय धुत, औक्षण करत, नारळ-पोशाख देत आणि त्यांना आत आणून जानोशाच्या घरी उतरवत. मारुती वेशीवर असतो तो गाव राखायला, म्हणून आधी त्याच्या पाया पडायचं. परण्याच्या वेळी जिजू घोड्यावरून मारुतीला गेले ना, ते त्यातलंच उरलेलं.

म्हणजे सीमा खरोखरची होती. गावं वाढली, कूस पडलं, त्याचे दगड लोकांनी घरांना लावले. लग्नं कार्यालयात होऊ लागली, तशी सीमा सरकत सरकत कार्यालयाच्या दारापर्यंत आली. धूळ गेली, पण पाय धुणं राहिलं. काही लोक तर आता "श्रीमंतपूजन" म्हणतात, कारण सीमा दिसेनाशी झाली की शब्दही हातून सुटतो. मला स्वतःला सामोरं जाऊन आणण्याची ही रीत फार आवडते. पाय धुणारे कायम मुलीकडचेच असतात, ते मात्र आवडत नाही. धूळ दोन्हीकडच्यांच्या पायाला लागते. तुझ्या लग्नात मी दोन्ही बाजूंनी धुवायला लावीन, किंवा कुणीच धुवायचे नाहीत.

दुपारी तटावरून चालले. वर लाकडी तुळया आणि कौलं आहेत, त्यामुळे पाऊस आला तरी भिजत नाही. बाहेरच्या अंगाला जंग्या, म्हणजे शत्रूवर मारा करायच्या फटी आहेत, अगदी आपल्या किल्ल्यांवर असतात तशा. आतल्या अंगाला तटाला टेकून उभी असलेली लहान लहान घरं, परसात वाळत घातलेले कपडे, कुणाच्या तरी कुंडीत टोमॅटो. मग सेंट गेओर्गच्या चर्चचा मनोरा चढले. त्याला इथे डानिएल म्हणतात. 90 मीटर उंच, 350 पायऱ्या. गुडघे बोलू लागले, पण वर गेल्यावर जे दिसलं ते तुला दाखवायलाच हवं होतं. खाली लाल छपरांचं गोल शहर, भोवती तट, भोवती शेतं, आणि लांब क्षितिजावर टेकड्यांचं आणखी एक मोठं कडं. ते कडं म्हणजे उल्केच्या खड्ड्याचा काठ! सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी इथे अशनी आदळला आणि जवळजवळ 24 किलोमीटर रुंद खड्डा पडला. आपलं लोणार आठवतं? ते जेमतेम 1.8 किलोमीटर आहे आणि तरी तुला पलीकडचा काठ केवढा लांब वाटला होता. हा ज्वालामुखी नाही, अशनीचा खड्डा आहे, हे 1960 मध्ये शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांनी इथल्या दगडावरून सिद्ध केलं. 1970 मध्ये अपोलो 14 चे अंतराळवीर इथे दगड ओळखायला शिकायला आले होते. चर्चही त्याच आघातानं तयार झालेल्या दगडाचं आहे आणि त्या दगडात डोळ्यांना न दिसणारे हिऱ्यांचे कण असतात. तू आलास की संग्रहालयात जाऊ. मी मुद्दाम तुझ्यासाठी ठेवलं आहे.

आता एक अवघड गोष्ट. तू दहा वर्षांचा आहेस, तुला कळेल.

आईची कूस आणि गावाचं कूस, शब्द वेगळे, पण ऐकायला सारखेच. कुशीत घेतलं म्हणजे जवळ घेतलं. पण आपल्या गावांनी काही माणसांना कुशीत घेतलंच नाही. वेस राखायचं काम महार समाजातल्या येसकराकडे असे. वेस उघडायची त्यानं, लावायची त्यानं, रात्री जागायचं त्यानं. बदल्यात घरोघरची भाकरी मागून आणायची. आणि त्याचं स्वतःचं घर? कुसाबाहेर. सगळ्या गावाला आत ठेवणाऱ्या माणसाला आत जागा नव्हती. इथेही तसंच काही झालं. 16व्या शतकाच्या सुरुवातीला न्योर्डलिंगनमधून ज्यू कुटुंबांना बाहेर काढलं आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ती आसपासच्या गावांतून राहिली. तटावरून चालताना छान वाटत होतं, ते खोटं नव्हतं. पण जंगीतून बाहेर बघताना ही माणसंही मनात आली. तुला वेशीबद्दल सांगायचं आणि हे गाळायचं, असं मला करता येणार नाही.

इथल्या राखणदारांचीही एक दंतकथा आहे. 1440 मध्ये म्हणे शेजारच्या सरदारानं पहारेकऱ्यांना फितवलं. रात्री ल्योप्सिंगर टोरचा दरवाजा नुसता लोटून ठेवायचा, कडी घालायची नाही. तेवढ्यात एक सुटलेली डुकरीण येऊन दाराला अंग घासू लागली, दार हललं, ते एका बाईनं पाहिलं आणि तिनं आरडाओरडा केला. शहर वाचलं. अजूनही रोज रात्री दहापासून बारापर्यंत, दर अर्ध्या तासाला, डानिएलवरचा राखणदार वरून हाळी देतो. ती ऐकायची म्हणून तर मी आज मुक्कामाला राहिले.

मघाशी दहा वाजता खिडकी उघडून बसले होते. आधी घंटा वाजली. मग वरून, अंधारातून, लांब ओढलेला आवाज आला, "सो, ग्सेल, सो!" म्हणजे "असं, गड्या, असं!" गल्लीत कुणी मान वर केली नाही. त्यांना सवय आहे. माझ्या अंगावर मात्र काटा आला. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, तू आजीच्या कुशीत झोपला असशील.

उद्या आजोबांना विचार, त्यांच्या गावाची वेस कुठे होती. आणि येसकराचं घर कुठे होतं, तेही विचार. जमलं तर त्यांच्याबरोबर गावी जाऊन दोन्ही जागा बघून ये. विमानतळावर मी घ्यायला येईनच, तेव्हा वाटेत सगळं सांग.

तुझी,
आई