मंदीच्या काळात करिअरचा निर्णय घ्यायचा आत्मविश्वास कसा आणायचा?

तुम्ही लिहिलंय, नागपुरात बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला आहात, कॉलेजात कंपन्या कमी येताहेत आणि घरचे म्हणतात, 'वातावरण निवळेपर्यंत थांब, एम.टेक. कर.' ते 'थांब' वाचलं आणि राहवलं नाही.

माझी बॅच २००९ची, इलेक्ट्रिकल. ऑगस्ट २००८मध्ये एका आयटी कंपनीचं ऑफर लेटर मिळालं, घरी पेढे वाटले. १५ सप्टेंबरला तिकडे अमेरिकेत लेहमन ब्रदर्स या बड्या बँकेनं दिवाळखोरी जाहीर केली, जानेवारीत इकडे सत्यम या आयटी कंपनीचा घोटाळा बाहेर आला. जूनमध्ये मेल आला, जॉइनिंगची तारीख नंतर कळवू. मोठे काका बँकेत होते. म्हणाले, "बोलावतील. तोवर घरी बसून बँकेच्या परीक्षांचा अभ्यास कर." दोन महिने बसलो. पुस्तक उघडं ठेवून तासातासाला मेल बघायचो. शेवटी मित्रांचे फोन उचलणंही बंद केलं.

ऑगस्टात हिंगणा एमआयडीसीतल्या एका मोटर रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरी नव्यानं गुंडाळून देणाऱ्या वर्कशॉपात लागलो. पगार साडेतीन हजार. काकांनी बाबांना फोन केला, "इंजिनिअर पोरगं वायरमनचं काम करतंय, लोकांना काय सांगायचं?" हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. काम म्हणजे जळक्या कॉइल काढायच्या, वेढे मोजायचे, तारेचा गेज, म्हणजे जाडी, लिहून ठेवायचा. मालक दहावी नापास. घाई केली की ओरडायचे, "काहून बे, मोजल्याबिगर तोडून राह्यला?"

डिसेंबरात एका दालमिलची दहा एचपीची मोटर महिन्यात दुसऱ्यांदा जळून आली. अशा मोटरला वीज तीन तारांतून, म्हणजे तीन फेजमधून मिळते. उघडली तर एकाच फेजच्या कॉइल काळ्याठिक्कर, बाकी दोन फेजच्या जशाच्या तशा. डेल्टा जोडणीच्या (कॉइलचे तिन्ही संच त्रिकोणात जोडलेल्या) मोटरला चालू असताना एक फेज मिळेनाशी झाली, की कॉइलच्या एकाच संचावर फार भार येतो. मी म्हटलं, दोष मोटरमध्ये नाही, मोटर चालू-बंद करणारा स्टार्टर बघू. मालक म्हणाले, "जा मंग, तूच पाह्य." गेलो. स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरचा, म्हणजे तिन्ही फेज जोडणाऱ्या स्विचचा, एक कॉन्टॅक्ट जळून गेलेला, आणि जास्त भार आला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले कुणीतरी शेवटपर्यंत फिरवून ठेवलेला, म्हणजे तो वेळेवर बंद करणारच नाही. दोन्ही नीट केलं. ती मोटर पुन्हा आमच्याकडे आली नाही. त्या संध्याकाळी मेल बघायचं विसरलो.

२०१०मध्ये कंपनीनं बोलावलं, गेलो नाही. आज हिंगण्यात माझं विजेची पॅनल बनवायचं छोटं युनिट आहे. काका अजून म्हणतात, आयटीत जास्त कमावलं असतं. कमावलंही असतं. पण आधी खात्री पटावी आणि मग पाऊल टाकावं, हे त्यांचं म्हणणं मला तेव्हाही चुकीचं वाटलं, आजही वाटतं. माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिनं सांगितलं, अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७मध्येच मांडलंय, की 'मला हे जमेल' या विश्वासाचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे स्वतः पार पाडलेलं काम. दुसऱ्यांनी दिलेला धीर त्यापुढे कमी पडतो. काकांना हेही ऐकवलं. ते उठून आत गेले.

एक सांगायचं राहिलं. तेव्हा बाबांची नोकरी चालू होती, माझ्यावर शैक्षणिक कर्ज नव्हतं, म्हणून साडेतीन हजारांत भागलं. तुमच्यामागे हप्ते असतील तर मिळेल ती पगाराची नोकरी धरा आणि सुट्टीच्या दिवशी हाताचं काम शिका. एम.टेक. विषयाच्या ओढीनं करत असाल तर जरूर करा, नुसतं थांबायला जागा हवी म्हणून नको.

शाखा तुम्ही लिहिली नाही. इलेक्ट्रिकल असाल तर होळी झाली की कुठल्याही रिवाइंडिंगवाल्याकडे जाऊन विचारा. कूलरच्या मोटरी तेव्हापासून ढिगानं येतात आणि माणसं कमी पडतात, नाही म्हणणार नाहीत.