पहार हातात घेण्याआधी

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

राजगडाच्या वाटेवर श्रमदानाला जायचं, पायथ्याला गुंजवण्यात तंबू ठोकून राहायचं ठरवलंस, छान केलंस. आधी एक कर, मोहिमेच्या म्होरक्याकडे परवानगीचं पत्र आहे का ते विचार. राजगड हे राज्य पुरातत्त्व विभागाचं संरक्षित स्मारक आहे, आणि २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक झाला. तिथला दगड आपल्या मनाने इकडचा तिकडे करता येत नाही, हेतू कितीही चांगला असो. मातीत छिन्नीच्या खुणांचा घडीव दगड दिसला तर हलवायचा नाही. फोटो काढायचा, म्होरक्याला दाखवायचा. असल्या दगडाची कुणी हौसेने पायरी केलेली दिसली की माझं डोकंच फिरतं.

आता कामाचं. वाट माणसांच्या पायांनी खराब होते असं सगळे म्हणतात. पाय माती सुटी करतात, ती वाहून नेतो पाऊस. सह्याद्रीतल्या चार महिन्यांच्या पावसाला खाली उतरायला आपली पायवाट आयतीच मिळते. पाणी एकदा तिच्यात शिरलं की मधोमध घळ पडते, मुळं उघडी होतात, लोक घळ टाळून कडेने चालायला लागतात आणि बघता बघता एका वाटेच्या चार होतात. म्हणून टिकाव उचलायच्या आधी तुमच्या वाट्याचा तुकडा वरून खाली नुसता चाल. पाणी कुठून आत शिरतं आणि कुठे बाहेर काढता येईल, तेवढंच बघ.

ते बाहेर काढायला वाटेत दगडांची ओळ बसवतात, पण तिरपी. सरळ आडवी बसवली तर पाणी अडतं, मागे गाळ भरतो आणि पुढच्या सरीला ते ओळीवरून उडी मारून खालची माती खणतं. तिरप्या ओळीला लागलेलं पाणी कडेला सरकतं आणि जाताना गाळही घेऊन जातं. दगड जड निवड. एकट्याने सहज उचलता आला तर तो बहुतेक लहानच. निम्म्याहून जास्त जमिनीत गाड, वर उभं राहून अंग हलव. जरा जरी डुगडुगला तरी काढून पुन्हा बसव. दिवसभरात दोघांकडून अशी एक ओळ पक्की झाली तरी पुष्कळ. शेजारची टोळी तेवढ्या वेळात लांबवर झाडी साफ करून मोकळी होईल, फोटोतही तीच दिसेल. दिसू दे.

झाडीचं म्हणशील तर घाणेरी आणि रानमोडी सांगतील तिथे मुळासकट काढ. कारवीला मात्र उगाच कोयता लावू नकोस, उतारावरची माती तिनेच धरलेली असते. शॉर्टकट बंद करताना वरचं आणि खालचं, दोन्ही तोंडं काट्यांनी बुजवा. एकच बुजवलं तर दुसरीकडून लोक घुसतातच.

दगडाखाली बोटं घालायची नाहीत. पहार पलीकडच्या कडेला लावून दगड आपल्याकडे उलट, म्हणजे खाली विंचू किंवा फुरसं निघालंच तर त्याच्या नि तुझ्या मधे दगड राहतो. दगड हातून सुटला तर खाली कोण आहे ते बघत बसू नकोस, आधी ‘दगड!’ म्हणून ओरड. डिओ घरी ठेव, कड्याला आग्यामोहोळं असतात. हातमोजे चामड्याचे घे, सुती मोजे दगडाच्या कामात टिकत नाहीत.

तंबू विहिरीपासून लांब लावा. शौचाला पाण्यापासून निदान दोनशे फुटांवर, वीतभर खोल खड्डा खणून. जेवण गावातच सांगा, पिठलं-भाकरी मिळेल. पण भाकऱ्या किती हव्यात ते आदल्या रात्री सांगा आणि पैशात घासाघीस करू नका, त्या माउलीला पहाटे चुलीपुढे बसावं लागतं.

आणि जुलैतला एक रविवार मोकळा ठेव. भर पावसात तुमचा तुकडा बघायला जाऊ. ओळ कुठे चुकली ते पाणीच दाखवेल. छोटं फावडं मी आणतो.

तुझा,
काका