लायब्ररी सोबत न्यायची की नाही

इतक्या वर्षांत जमवलेली रेव्हिट फॅमिलींची लायब्ररी (रेव्हिट या इमारत-आराखड्याच्या सॉफ्टवेअरमधल्या दरवाजे, खिडक्या अशा तयार घटकांचा साठा) परदेशात नेऊ का, तिच्या जोरावर नोकरी मिळेल का, आणि मुलीच्या शाळेचं काय, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा, पदवीची मान्यता, परवान्याची परीक्षा हे सगळं सरकारी पानांवर सविस्तर आहे, ते तिथेच वाचा. लायब्ररीबद्दल मात्र मला बोलायचंच आहे. इथे परदेशात मला त्याबद्दल कोणी विचारत नाही.

आधी मालकी बघा. ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या लायसन्सवर केलेली फॅमिली बहुतेक करारांप्रमाणे ऑफिसची असते. करार वाचा, आणि जे निर्विवाद तुमचं आहे तेवढंच घ्या. ढीग बराच कमी होईल. होऊ द्या.

उरलेलंही जसंच्या तसं चालणार नाही. रेव्हिटची फाइल जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करता येत नाही. नवं ऑफिस एखाद्या चालू प्रकल्पापायी मागच्या व्हर्जनवर अडलेलं असेल, तर तुमच्या फाइली उघडणारच नाहीत. पण खरी मेख शेअर्ड पॅरामीटरमध्ये, म्हणजे अनेक फॅमिली आणि प्रोजेक्टमध्ये सामाईक असलेल्या माहितीच्या रकान्यात आहे. नाव तुम्ही ‘फायर रेटिंग’ दिलंत आणि त्यांचंही ‘फायर रेटिंग’च असलं, तरी रेव्हिट नावाकडे बघत नाही, आतल्या जीयूआयडीकडे, म्हणजे त्या रकान्याच्या एकमेव ओळखक्रमांकाकडे बघतं. तो वेगळा म्हणजे पॅरामीटरच वेगळा. तुमचा दरवाजा त्यांच्या प्रोजेक्टमध्ये दिमाखात उभा राहतो आणि त्यांच्या टॅगमध्ये (नकाशावरच्या खुणेत), शेड्यूलमध्ये (घटकांच्या तक्त्यात) ती जागा कोरी येते. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात ऑफिसची शेअर्ड पॅरामीटरची टेक्स्ट फाइल मागून घ्या आणि आपल्या फॅमिलीत त्यांचे पॅरामीटर बसवा. स्वतःची फाइल त्यांच्यावर लादू नका.

दुसरं, रुंदी. तुमच्या दरवाजात ‘विड्थ’ म्हणजे नक्की काय: फळी, चौकटीबाहेरचं माप, की दार उघडल्यावर मिळणारी मोकळी वाट? अमेरिकेत एडीएच्या, म्हणजे अपंगांसाठीच्या कायद्याच्या नियमांत किमान ३२ इंच, म्हणजे ८१५ मिमी, मोजतात ती मोकळी वाट. दार ९० अंशांत उघडून, फळीच्या पृष्ठभागापासून समोरच्या स्टॉपपर्यंत, म्हणजे दार जिथे टेकतं त्या चौकटीच्या पट्टीपर्यंत. आपण फळीचं माप लिहून मोकळे होतो. तिन्हींसाठी वेगवेगळे पॅरामीटर ठेवा, सूत्राने जोडा, म्हणजे देश बदलला तरी फॅमिली मोडून पुन्हा करावी लागणार नाही. घटकांना कोड देण्याचं वर्गीकरणही बदलतं. ब्रिटनमध्ये युनिक्लास मागतील, अमेरिकेत ओम्निक्लास. ओम्निक्लासचा रकाना रेव्हिटच्या फॅमिलीत आयताच असतो, युनिक्लासचे कोड स्वतंत्र पॅरामीटरमधून भरावे लागतात. ऑफिस आर्किकॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथे घटक लिहिण्याची भाषा जीडीएल ही वेगळी आहे आणि तुमच्या आरएफए फाइलींचा (रेव्हिट फॅमिलीच्या फाइलींचा) फारसा उपयोग होणार नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते. नव्या ऑफिसात लायब्ररीचं फोल्डर तुम्हाला फक्त वाचता येईल. बदल करायचे हक्क एका-दोघांकडे असतात. मी आधीच्या ठिकाणी हे फोल्डर सांभाळत होतो, नावं कशी द्यायची हे मी ठरवत होतो. इथे स्पेलिंग चुकलेलं दिसलं तरी विनंतीचा फॉर्म भरायचा. अजून टोचतं. त्यांची पद्धत चुकीची आहे असं नाही. पाच जणांनी पाच प्रकारच्या खिडक्या टाकल्या की लायब्ररीचं काय होतं, हे मीच पूर्वी सगळ्यांना ओरडून सांगायचो.

शाळेचं विचारलंत म्हणून सांगतो. जन्मतारखेवरून माझ्या मुलाला एक इयत्ता मागे बसवलं. जुनी प्रगतिपुस्तकं, शिक्षकांचं पत्र, शिक्का मारलेलं भाषांतर, सगळं दिलं. फॉर्ममध्ये ‘आधीचं शिक्षण’ या रकान्यात निवडायला जे पर्याय होते त्यात आमचं काही बसेना, तेव्हा समोरच्या बाईंनी ‘इतर’ निवडलं आणि विषय संपला. रेव्हिटमध्ये कॅटेगरी सुचली नाही की आपण वस्तू ‘जेनेरिक मॉडेल’मध्ये ढकलतो ना, अगदी तसं. मग ती दरवाजांच्या शेड्यूलमध्ये कधीच येत नाही. मुलगा आता मजेत आहे, त्याला आठवतही नाही. मी मात्र त्या बाईंशी मनातल्या मनात अजून भांडतो. तुमच्या मुलीचे दाखले शाळेच्या शिक्क्यानिशी, विषयवार अभ्यासक्रमासकट, आत्ताच घेऊन ठेवा. नंतर दुरून मागताना नाकी नऊ येतात.

एकटेपणा येतो. कामाला लागा. यावर लांबड लावण्यात अर्थ नाही. रविवारी दुपारी मी माझी जुनी लायब्ररी उघडतो, पुढच्या व्हर्जनमध्ये अपग्रेड करतो, वापरत नसलेलं पर्ज करतो, काढून टाकतो. ती कुठल्याही प्रोजेक्टमध्ये जाणार नाही हे बायकोलाही माहीत आहे. ती विचारत नाही.

नोकरीच्या मुलाखतीला मात्र पाच-सहाच फॅमिली न्या. आत आयात केलेलं डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडचं चित्र) नको, रेफरन्स प्लेनना, म्हणजे मापं ज्यांना बांधतात त्या आधाररेषांना, नावं हवीत, आणि मापं उलटसुलट बदलून ताणून बघितल्यावर (याला फ्लेक्स करणं म्हणतात) काही तुटता कामा नये. मला समोर बसवून एका खिडकीची उंची बदलायला लावली होती. संख्या कोणी मोजली नाही. एक फॅमिली अशी ठेवा की जिच्यात नेस्टेड हँडल, म्हणजे दरवाजाच्या फॅमिलीच्या आत बसवलेली हँडलची फॅमिली, ‘शेअर्ड’ आहे आणि तक्त्यात वेगळी मोजली जाते. ते का केलं एवढं दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, तिथल्या भाषेत. त्याचा सराव आत्तापासून करा.