एजन्सीच्या करारावर सही करण्याआधी

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

फायनान्स कंपनीत वसुलीचा प्रमुख झालास, मनापासून आनंद झाला. हप्ते थकलेल्या दुचाकी आणि ट्रॅक्टरच्या फायली वसुलीसाठी बाहेरच्या एजन्सीकडे द्यायचं ठरतंय असं तू फोनवर म्हणालास, म्हणून हे लगेच लिहायला घेतलं.

एजन्सीची पोरं कर्जदाराच्या दारात जे बोलतील त्याची जबाबदारी तुझ्या कंपनीची. ‘ती आमची माणसं नाहीत’ हे उत्तर रिझर्व्ह बँकेपुढे चालत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडच्या हजारीबागमध्ये थकलेल्या हप्त्यांपायी ट्रॅक्टर ओढून न्यायला माणसं आली आणि शेतकऱ्याची गर्भवती मुलगी त्याच ट्रॅक्टरखाली सापडून गेली. आठवडाभरात रिझर्व्ह बँकेने महिंद्रा फायनान्सला बाहेरच्या लोकांकडून वसुली आणि जप्ती बंद करायला लावली. ही बंदी उठली जानेवारी २०२३ मध्ये. कंपनीचं काम पुन्हा सुरू झालं. त्या घरातली लेक मात्र गेली ती गेलीच. हे तू कायम ध्यानात ठेवावंस असं मला फार वाटतं.

वसुलीसाठी गुंड पाठवण्यावर सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच आयसीआयसीआय बँकेच्या एका प्रकरणात ताशेरे ओढले होते. म्हणजे कुणाला माहीत नव्हतं असं नाही.

आता फोनचं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात घालून दिल्याप्रमाणे थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्सला, म्हणजे गरीब घरांना दिलेल्या विनातारण छोट्या कर्जांना, त्याहून कडक, नऊ ते सहा. मोठ्या बँकासुद्धा यातून सुटलेल्या नाहीत: २०२४ मध्ये एचडीएफसी बँकेला एक कोटी रुपयांचा दंड झाला, त्याच्या कारणांत अवेळी केलेले फोनही होते. पण खरी भानगड वेळेपेक्षा फोन कुणाला जातो यात असते. अर्जात ओळखीसाठी दिलेला मेव्हण्याचा नंबर पोरं हमखास फिरवतात आणि ‘तुमच्या पाहुण्यांनी आमचे पैसे बुडवलेत’ असं सांगून मोकळी होतात. घरच्यांना, ओळखीच्यांना असं छळणं, चारचौघांत अब्रू काढणं याला त्याच परिपत्रकात साफ मनाई आहे. ‘उद्या पोलीस उचलतील’ हा मेसेज तर दिशाभूलच. नुसता हप्ता थकला म्हणून अटक होत नाही. चेक परत गेला तर चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली केस होते, पण तिलाही आधी नोटीस आणि पंधरा दिवसांची मुदत द्यावी लागते. शिवाय धमकी दिली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ आहेच, आणि त्रासाला कंटाळून कुणी जीव दिला तर कलम १०८. त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पोरं अशी का वागतात? कमिशनमुळे. महिनाअखेरीला टार्गेट पुरं झालं तरच पैसे मिळणार असतील तर तीसच्या संध्याकाळी ती साडेआठलाही फोन करतील. करारातल्या मोबदल्याने एजंटांना असभ्य किंवा बेकायदा वागायला भाग पाडू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना २००८ मध्येच बजावलंय. म्हणून करारात आधी कमिशनचं पान वाच, बाकीची नंतर. तक्रारी आल्या तर कमिशन कापायचं, असं त्यात स्पष्ट लिहून घे.

एजन्सीला दिलेली प्रत्येक फाईल ग्राहकाला पत्राने कळवायची, एजंटाजवळ अधिकारपत्र आणि ओळखपत्र हवं, फोन रेकॉर्ड व्हायला हवेत. ग्राहकाने आकड्याबद्दल तक्रार केली असेल तर ती निकाली निघेपर्यंत फाईल बाहेर देऊच नकोस. गाडी ओढण्याआधी मूळ कर्जकरार काढून बघ: जप्तीचं कलम, नोटिशीची मुदत आणि विक्रीआधी पैसे भरायची शेवटची संधी त्यात आहे का? नसेल तर गाडी यार्डात आणूच नका.

जुन्या फायलींच्या तारखाही बघ. साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. त्या काळात लेखी कबुली मिळाली किंवा काही रक्कम भरली गेली तर ही मुदत नव्याने मोजतात. मुदत सरलेल्या फायलीवर ‘कोर्टात खेचू’ म्हणणाऱ्या एजंटाला तिथल्या तिथे थांबव.

कराराचा मसुदा हातात आला की मला पाठव. मोबदल्याचं परिशिष्ट जोडायला विसरू नकोस. ते बहुधा वेगळ्या कागदावर असतं.

तुझा,
काका